दोरीपलीकडचा बर्फ: हिमस्खलन आणि बर्फाचे थर यांविषयी सोलापूरकरांसाठी मार्गदर्शन

जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याची यात्रा भरते, त्याच सुमारास काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंडमधील स्कीइंगचा हंगाम भरात येऊ लागतो. गुलमर्ग, औली किंवा सोलंगला जाऊन स्कीइंगचा प्राथमिक वर्ग पूर्ण केलेले, किंवा स्नोमोबाइल, म्हणजे तिकडे ज्याला सरसकट स्नो बाइक म्हणतात ते वाहन चालवून आलेले तरुण आता आपल्या शहरातही भेटतात. पहिल्या वर्षी ते प्रशिक्षकाच्या नजरेखाली, आखून दिलेल्या उतारावर असतात आणि तेथे हिमस्खलनाची चिंता करण्याचे फारसे कारण नसते. दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी मात्र आखलेल्या हद्दीच्या दोरीपलीकडचा, कोणाचेही माग न उमटलेला उतार खुणावू लागतो. हा लेख त्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षासाठी आहे.

आपण तिकडे पाच-सहा दिवसांसाठी जातो; पण ज्या बर्फावर उभे राहतो तो नोव्हेंबरपासून थराथराने साचत आलेला असतो. आपल्या जिल्ह्यातल्या रब्बीच्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात जानेवारीत उभी असलेली मालदांडी ज्वारी त्या महिन्याच्या पावसावर वाढत नाही, ती हस्ताच्या पावसाने जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते. वरून रान कोरडे दिसते, भेगाळलेलेही दिसते, आणि तरीही पीक उभे असते, कारण त्याचा आधार खाली आहे. बर्फाचेही तसेच आहे, फक्त उलट अर्थाने: वरून उतार भरीव आणि शांत दिसतो आणि धोका दोन महिन्यांपूर्वी पडलेल्या, आता पुरल्या गेलेल्या एखाद्या थरात असतो. म्हणून नवख्या माणसाने शिकायची पहिली गोष्ट ही की, आपण पोहोचण्यापूर्वी त्या उतारावर काय काय घडले याची माहिती गोळा करायची.

उतार सुटतो म्हणजे नेमके काय होते

हिमस्खलनाचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात सैल बर्फ एका बिंदूपासून सुटतो आणि खाली येताना पसरत जातो, जसे धान्याच्या राशीच्या कडेला बोट लावल्यावर दाणे ओघळतात. हा प्रकार बहुधा लहान असतो, पण कड्याच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाला खाली ढकलण्यास तोही पुरतो. दुसरा प्रकार लादीचा. उतारावरचा बर्फाचा एक सलग, एकजीव थर खालच्या कच्च्या थरावरून एकदम निसटतो, त्याला आडवी भेग पडते आणि संपूर्ण लादी तुकडे होत खाली येते. स्कीपटू आणि स्नोमोबाइल चालवणारे ज्या हिमस्खलनांत मरण पावतात त्यांतली बहुसंख्य या दुसऱ्या प्रकारची असतात, आणि अशा दहापैकी सुमारे नऊ अपघातांत ती लादी सापडलेल्या माणसाने किंवा त्याच्याच सोबत्याने सोडवलेली असते. मोठ्याने ओरडल्याने डोंगर कोसळतो ही समजूत सोडून द्यावी. आवाजाने लादी सुटत नाही, वजनाने सुटते.

हे समजण्यासाठी घरी एक प्रयोग करावा. मी नव्या मुलांना नेहमी हाच करायला लावतो. मोठ्या परातीत ज्वारीच्या दाण्यांचा एक पातळ थर पसरावा, त्यावर आपली कडक भाकरी ठेवावी आणि परात एका बाजूने हळूहळू उचलावी. काही अंशांपर्यंत काहीच होत नाही. मग एका क्षणी भाकरी अख्खीच्या अख्खी निसटते, अर्धी नव्हे. आता दाण्यांऐवजी भिजवलेले पीठ थापून तोच प्रयोग केला, तर परात बरीच उभी केली तरी भाकरी चिकटून राहते. भाकरी दोन्ही वेळा तीच होती आणि वरून पाहणाऱ्याला दोन्ही पराती सारख्याच दिसल्या असत्या. तसेच, मऊ ताजी भाकरी आणि कडक भाकरी दोन्ही हातांनी मोडून पाहाव्यात. मऊ भाकरी ओढाल तेथेच फाटते. कडक भाकरीला एका टोकाला दिलेला ताण क्षणात दुसऱ्या टोकापर्यंत तडा नेतो. लादीत पडणारी भेग अशीच धावते, आणि म्हणूनच आपण उतारावर खाली असताना आपल्या डोक्यावर पन्नास मीटरवर बर्फ फाटू शकतो.

लादीच्या वजनाचाही हिशेब करून पाहण्यासारखा आहे. पन्नास मीटर लांब, चाळीस मीटर रुंद आणि अर्धा मीटर जाड अशी लादी, म्हणजे डोंगराच्या मानाने अगदीच लहान तुकडा, घ्या. वाऱ्याने दाबलेल्या बर्फाचे वजन घनमीटरला २०० किलो धरले, तर ही लादी २०० टनांची होते: वीस-वीस टन ऊस भरलेले दहा ट्रक. तिचा वेग काही सेकंदांत ताशी १०० किलोमीटरच्या पुढे जाऊ शकतो. थांबल्यावर तोच बर्फ सिमेंटसारखा आवळतो. अंगावर अर्धा मीटर बर्फ असला तरी माणसाला स्वतःचा हातसुद्धा हलवता येत नाही.

कच्चा थर तयार कसा होतो, हे थोडे सविस्तर सांगतो, कारण पुढची सगळी निरीक्षणे त्यावर अवलंबून आहेत. जाड बर्फाखालची जमीन सहसा शून्य अंशाच्या आसपास असते आणि बर्फाचा पृष्ठभाग रात्री उणे दहा, उणे पंधरापर्यंत उतरतो. या दोहोंमधल्या फरकामुळे पाण्याची वाफ खालून वर सरकत राहते. हा फरक दर दहा सेंटीमीटरला एका अंशाहून जास्त झाला की, बर्फाचे कण एकमेकांना धरून ठेवण्याऐवजी टोकदार, पैलूदार होतात आणि सुटे पडतात. एक मीटर जाडीच्या बर्फावर पृष्ठभाग उणे १० असेल, तर आपण नेमके या सीमारेषेवर आहोत. जाडी अर्धाच मीटर आणि पृष्ठभाग उणे १५ असेल, तर फरक तिप्पट आहे. त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरात थोडासाच बर्फ पडून पुढे तीन-चार आठवडे स्वच्छ, कडाक्याची थंडी पडली, तर तळाशी साखरेसारखा सुटा थर तयार होतो आणि जानेवारीतल्या मोठ्या हिमवर्षावाचा सगळा भार त्याच्यावर येतो. पर्यटकाला नेमका तोच हिमवर्षाव हवा असतो. कच्चा थर आणखी एका रीतीने बनतो: निरभ्र, वारा नसलेल्या रात्री पृष्ठभागावर पिसांसारखे चकाकणारे हिमस्फटिक उगवतात. ते अतिशय सुंदर दिसतात, आणि त्यांच्यावर पुढचा बर्फ अलगद पडला की ते कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे, तसेच उभे पुरलेले राहतात.

पहिली पायरी: डिसेंबरपासून वही ठेवावी

प्रवास फेब्रुवारीत असला तरी नोंदी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून सुरू कराव्यात, आणि त्या सोलापुरात बसून करता येतात. हिमालयात हिवाळ्यातला बर्फ मुख्यतः पश्चिमी विक्षोभांमुळे, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवामान प्रणालींमुळे, पडतो. भारतीय हवामान विभाग त्यांचे अंदाज जाहीर करतो आणि श्रीनगर, गुलमर्ग अशा केंद्रांवरची तापमाने व हिमवर्षावही प्रसिद्ध करतो. वहीत तारीख, पडलेला बर्फ, रात्रीचे किमान तापमान आणि वाऱ्याची दिशा एवढेच लिहावे. दोन हिमवर्षावांमध्ये किती दिवस कोरडे गेले ते वेगळ्या रंगाने लिहावे, कारण तेच दिवस कच्चा थर घडवतात. मध्येच पाऊस पडल्याची नोंद असेल तर तिच्याभोवती गोल करावा. पावसाने गोठलेली गुळगुळीत पापडी पुढच्या थरासाठी घसरगुंडी ठरते.

हिमस्खलनाचा अधिकृत अंदाज आपल्या देशात संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची चंदीगड येथील डीजीआरई (डिफेन्स जिओइन्फॉर्मेटिक्स रिसर्च एस्टॅब्लिशमेंट) ही प्रयोगशाळा तयार करते. पूर्वी हे काम मनालीत सुरू झालेल्या ‘सासे’ या संस्थेकडे होते. २०२० मध्ये तिचे विलीनीकरण होऊन सध्याची संस्था आली. तिच्या अंदाजावरून राज्यांची आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणे इशारे देतात. अशा इशाऱ्यात जिल्हा, उंची, धोक्याची पातळी आणि मुदत असते, उदाहरणार्थ अमुक जिल्ह्यात २,५०० मीटरच्या वर पुढील २४ तास मध्यम धोका. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ हे अ‍ॅप मोबाइलवर घेऊन ठेवावे.

जगभर वापरल्या जाणाऱ्या श्रेणीत पाच पातळ्या आहेत: कमी, मध्यम, लक्षणीय, उच्च आणि अति उच्च. नवखा माणूस पाचपैकी तीन म्हणजे बरोबर मध्य, म्हणून ठीक, असे समजतो. ही समजूत जीवघेणी आहे. प्रत्येक पातळीला धोका समान अंतराने वाढत नाही, तो झपाट्याने वाढतो. तिसऱ्या पातळीला एका माणसाच्या वजनानेही लादी सुटण्याची शक्यता असते, आणि युरोपातील नोंदी पाहिल्या तर सर्वाधिक मृत्यू याच पातळीच्या दिवशी होतात, कारण चौथ्या-पाचव्या पातळीला लोक मुळात घराबाहेर पडत नाहीत. माझे स्पष्ट मत आहे की, पहिली तीन वर्षे नवख्याने तिसऱ्या पातळीच्या दिवशी दोरीपलीकडे पाऊल टाकू नये.

दुसरी पायरी: उताराचा कोन डोळ्यांत भरवून घ्यावा

बर्फाच्या थरांबद्दल तज्ज्ञसुद्धा चुकतात. कोन मात्र मोजता येतो. लादीची हिमस्खलने बहुतांशी ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात आणि ३८ अंशांच्या आसपास त्यांचे प्रमाण सर्वाधिक असते. ३० अंशांहून कमी उतारावर, ज्याच्या डोक्यावरही तीव्र उतार नाही अशा ठिकाणी राहणे, हा नवख्यासाठी सर्वांत भरवशाचा उपाय आहे.

आपला मुलूख सपाट असल्यामुळे ३० अंश म्हणजे किती याची आपल्या नजरेला सवय नसते. त्यासाठी घरचा जिना मोजावा. पायरी सहा इंच उंच आणि दहा इंच रुंद असेल, तर त्या जिन्याचा उतार सुमारे ३१ अंशांचा आहे. सात इंच उंच आणि दहा इंच रुंद असेल, तर ३५ अंशांचा. म्हणजे आपण दिवसातून दहा वेळा चढतो-उतरतो तो साधा जिना बर्फाने झाकला, तर तो हिमस्खलनाच्या टप्प्यातला उतार आहे. मोबाइलमधले कोन मोजण्याचे साधन जिन्याच्या कठड्यावर ठेवून पाहावे, मग आधी अंदाज सांगून नंतर मोजण्याचा सराव बंधाऱ्याच्या भरावावर आणि पुलाच्या चढावर करावा. बर्फावर हेच साधन उताराच्या दिशेने वरून खाली टेकवलेल्या स्कीच्या काठीवर धरतात. नकाशावर पाहताना दहा मीटर आडव्या अंतरात ५.८ मीटर चढ म्हणजे ३० अंश, आणि दहा मीटर चढ म्हणजे ४५, हे लक्षात ठेवावे.

आपण ज्यावर उभे आहोत तो उतार सौम्य असणे पुरेसे नाही. वरच्या तीव्र उतारावरून सुटलेला बर्फ सपाटीवरही बराच लांब येतो. घळ, नाल्याचे पात्र, झाडांची दाटी आणि कड्याच्या वरची बाजू या जागा तर लहान हिमस्खलनालाही जीवघेणे करतात, कारण घळीत थोडासा बर्फ खोल साचतो आणि झाडांवर किंवा खडकांवर आपटून माणूस गुदमरण्याआधीच दगावतो.

तिसरी पायरी: साहित्य, आणि सोलापुरातच त्याचा सराव

प्रत्येकाजवळ तीन वस्तू हव्यात: ट्रान्सीव्हर, प्रोब आणि फावडे. तिघांत मिळून एक संच चालत नाही, कारण पुरला गेलेला माणूस स्वतःचे फावडे सोबत घेऊनच पुरला जातो. ट्रान्सीव्हर ४५७ किलोहर्ट्झवर संकेत पाठवतो, आणि कळ फिरवली की इतरांचा संकेत शोधतो. तो अंगावर, वरच्या जाकिटाच्या आत पट्ट्याने बांधायचा असतो. मोबाइल आणि विजेवर चालणाऱ्या इतर वस्तू संकेत पाठवताना त्याच्यापासून किमान २० सेंटीमीटर आणि शोध घेताना किमान ५० सेंटीमीटर दूर हव्यात. प्रोब ही बर्फात खुपसून माणूस शोधण्याची, जोडून लांब होणारी काठी निदान २४० सेंटीमीटरची असावी. फावडे धातूचेच घ्यावे. एअरबॅगची, म्हणजे मूठ ओढताच फुगणाऱ्या फुग्याची, पाठपिशवी परवडत असेल तर उपयोगी आहे, ती मृत्यूचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आणते असे अभ्यासांत दिसले आहे. पण ती वरील तिन्हींच्या जागी घेता येत नाही.

हे साहित्य बहुतेक जण तिकडे भाड्याने घेतात. माझ्या दुसऱ्या फेरीत मला मिळालेल्या ट्रान्सीव्हरच्या बॅटरीच्या खोलीत हिरवट बुरशीसारखा थर जमला होता, आणि दुकानदाराने तो अंगठ्याने पुसून मला परत दिला. मी त्या दिवशी तो घेतला नाही आणि उतारावरही गेलो नाही, एवढेच. भाड्याने घेताना बॅटरीचे झाकण उघडून आत पाहावे, स्वतःच्या नव्या अल्कलाइन बॅटऱ्या घालाव्यात आणि संकेत पाठवणे व शोधणे दोन्ही दुकानातच तपासावे.

सरावाला बर्फ लागत नाही. पहाटे एखाद्या मोकळ्या मैदानावर एकाने चालू ट्रान्सीव्हर डब्यात घालून पालापाचोळ्याखाली लपवावा आणि दुसऱ्याने घड्याळ लावून तो शोधावा. फावड्याचा सराव नदीच्या वाळूत करावा: एक मीटर खोल पुरलेले धान्याचे पोते बाहेर काढण्यास किती मिनिटे लागतात ते पाहिल्यावर, आपल्याला शोधण्यापेक्षा खणण्यातच जास्त वेळ जातो हे कळते. आमच्या गटात पहिल्या वेळी पोते काढायला जितका वेळ लागला, तितक्या वेळात आतला माणूस वाचला नसता. ती सकाळ मी विसरलेलो नाही.

दोन व्यवहाराच्या गोष्टी येथेच सांगतो. महाराष्ट्रातले प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, म्हणून गटात किमान दोघांकडे पोस्टपेड असावे. उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारी परदेशी उपकरणे परवान्याशिवाय भारतात वापरण्यास बंदी आहे. कोणी नातेवाइकाने परदेशातून आणून दिले असले तरी ते नेऊ नये.

चौथी पायरी: पोहोचल्यावर पहिला दिवस

सोलापूर समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्याही खाली आहे. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे आणि गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, दुसरा टप्पा आपल्याला काही मिनिटांत अफरवत डोंगराच्या सुमारे ३,९५० मीटर उंचीवर नेऊन सोडतो. पहिला दिवस खालीच काढावा. डोके दुखत असलेल्या माणसाचा निर्णय बरा नसतो.

त्या दिवसाचा उपयोग विचारपूस करण्यासाठी करावा. गुलमर्गमध्ये स्की पेट्रोल, म्हणजे उतारांवर गस्त घालणारे सुरक्षा पथक, आहे, स्थानिक मार्गदर्शक आहेत, आणि वर्षानुवर्षे तिथेच हिवाळा काढणारी माणसे आहेत. त्यांना “आज जाता येईल का?” असे विचारू नये. गेल्या आठवड्यात कुठल्या बाजूला बर्फ सुटला, तळाशी दाणेदार बर्फ आहे का, वारा कुठून होता, असे विचारावे आणि उत्तरे आपल्या वहीशी पडताळावीत. हिमस्खलन नियंत्रणाचे काम गोंडोलाखालच्या मुख्य भागापुरते होते. त्याच्या बाहेरचा डोंगर जसा आहे तसाच असतो. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवतच्या हापतखुद भागात झालेल्या हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू मरण पावले, आणि पुढच्याच वर्षी २२ फेब्रुवारीला खिलनमर्गजवळ एका रशियन स्कीपटूचा जीव गेला. आपल्यापेक्षा बर्फावर अधिक वर्षे काढलेल्या देशांतली ही माणसे होती.

केवळ स्कीपटूंनाच हा धोका असतो असेही नाही. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये नथु ला रस्त्यावर बर्फात उतरलेले सात पर्यटक हिमस्खलनात मरण पावले. ते कोणतेही साहस करत नव्हते. कुटुंबाला घेऊन बर्फ पाहायला जाणाऱ्यांनीही तीव्र उताराच्या पायथ्याशी फोटोसाठी रेंगाळू नये, हे यावरून घ्यावे.

पाचवी पायरी: बर्फावर डोळे आणि कान

निघताना गटातल्या प्रत्येकाचा ट्रान्सीव्हर एकेक करून तपासावा: एक जण पुढे उभा राहून शोधाच्या स्थितीत, बाकीचे त्याच्यासमोरून अंतर ठेवून जातील. मग पाच खुणा शोधत राहाव्यात.

ताजे हिमस्खलन दिसले, तर त्याच दिशेचा आणि त्याच उंचीचा दुसरा उतारही संशयास्पद धरावा. यापेक्षा स्पष्ट खूण नाही. गेल्या २४ तासांत ३० सेंटीमीटर किंवा अधिक बर्फ पडला असेल, तर किमान एक दिवस थांबावे. वारा बर्फ उचलून डोंगराच्या दुसऱ्या बाजूला नेऊन रचतो, आणि नुसत्या पडणाऱ्या बर्फापेक्षा कितीतरी वेगाने रचतो; म्हणून आकाश निरभ्र असले तरी धारेवरून बर्फाचा धूर उडताना दिसला तर वाऱ्याआडच्या उतारावर लादी तयार होत आहे असे समजावे. धारेच्या टोकाला बाहेर लोंबणारे बर्फाचे छज्जे त्याची साक्ष देतात. त्यांच्या वरही जाऊ नये आणि खालीही. अचानक वाढलेली उष्णता किंवा पाऊस ही चौथी खूण. मार्चमध्ये दुपारी बर्फ गुडघ्यापर्यंत ओला लागू लागला की तीव्र उतार सोडून द्यावेत.

पाचवी खूण कानाला आणि पायाला कळते. फेब्रुवारीतल्या एका सकाळी आम्ही पाच जण जवळजवळ सपाट जागेवरून चाललो होतो. पोत्यावर पोते टाकल्यावर येतो तसा दबका ‘धप्’ आवाज आला, पायाखालची जागा बोटभर खचल्यासारखी वाटली आणि माझ्या स्कीच्या टोकापासून एक बारीक भेग दहा-पंधरा मीटर पुढे पळत गेली, काळ्या रानात उन्हाळ्यात पडते तशी, पण डोळ्यांदेखत. आमच्या काश्मिरी मार्गदर्शकाने एक शब्दही न बोलता स्कीची टोके वळवली आणि आम्ही आलेल्या वाटेनेच परत निघालो. तो आवाज म्हणजे पुरलेला कच्चा थर कोसळल्याचा आवाज असतो. जागा सपाट होती म्हणून काही घडले नाही.

परतताना त्याने सुरक्षित जागी एक खड्डा खणून दाखवला. उभी कापलेली भिंत स्वच्छ करून त्याने माझा हात वरून खाली भिंतीत दाबत नेला. वरचे चाळीस सेंटीमीटर इतके घट्ट होते की फक्त एक बोट आत जात होते. त्याखाली अचानक अख्खी मूठ विनासायास आत गेली आणि खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे दाणे खड्ड्यात ओघळू लागले. त्यांचा गोळा वळता येईना. काळ्या हातमोज्यावर घेऊन पाहिले, तर प्रत्येक दाण्याला पैलू होते. वर घट्ट आणि खाली सुटे: परातीतली भाकरी आणि ज्वारी. थरांचा कठीणपणा मोजण्याची हीच सोपी पद्धत जगभर वापरतात: मूठ, चार बोटे, एक बोट, पेन्सिल आणि शेवटी सुरी, यांतले काय आत जाते ते पाहायचे. शेजारच्या थरांत मोठी तफावत असेल तर सावध व्हावे. याशिवाय ३० सेंटीमीटर लांब-रुंद खांब कापून त्यावर फावडे ठेवून मनगटातून दहा, कोपरातून दहा आणि खांद्यातून दहा थापा मारण्याची चाचणी आहे. किती थापांना आणि किती सफाईने खांब तुटतो ते पाहतात. चाचणीत थर चटकन तुटला तर परत फिरावे. तुटला नाही म्हणून पुढे जाण्याचा परवाना मात्र मिळत नाही, कारण दहा मीटर पलीकडचा बर्फ वेगळा असू शकतो.

संशयाचा उतार ओलांडावाच लागला, तर एका वेळी एकानेच जावे, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्याकडे सतत पाहत राहावे आणि खाली पोहोचल्यावर उताराच्या पायथ्याशी थांबू नये.

स्नोमोबाइल चालवणाऱ्यांसाठी वेगळे

इंजिनाच्या आवाजात तो ‘धप्’ आवाज ऐकू येत नाही आणि वेगामुळे भेगा दिसत नाहीत, म्हणून मध्ये मध्ये वाहन बंद करून उतरावे आणि पायाने बर्फ चाचपावा. वाहनाचे वजन स्कीपटूच्या कित्येक पट असते आणि त्याचा पट्टा बर्फ खोलवर दाबतो; स्कीपटू सुखरूप गेलेल्या उतारावर वाहन खोलातला थर फोडू शकते. उतारावर कोण किती उंच चढतो याची चढाओढ हा या छंदातला सर्वांत घातक खेळ आहे. कोणी वर अडकला, तर दुसरे वाहन त्याच्या मदतीला कधीही नेऊ नये. त्याला स्वतःच वाहन सोडवू द्यावे किंवा सोडून खाली येऊ द्यावे. थांबताना सर्व वाहने उताराच्या टप्प्याबाहेर, शेजारीशेजारी आणि तोंडे बाहेरच्या दिशेला करून लावावीत. ट्रान्सीव्हर अंगावर आणि फावडे-प्रोब पाठीवरच्या पिशवीत असावेत, वाहनाच्या पेटीत कदापि नव्हे: माणूस आणि वाहन बर्फात वेगवेगळ्या ठिकाणी पुरले जातात.

लादी सुटलीच, तर

स्वतः सापडल्यास ओरडून इतरांना सावध करावे, वेग असेल तर तिरके बाजूला निसटण्याचा प्रयत्न करावा, काठ्या सोडाव्यात, एअरबॅग असल्यास तिची मूठ ताबडतोब ओढावी. बर्फ थांबू लागल्याचे जाणवताच हात तोंडापुढे आणून श्वासापुरती पोकळी करावी.

बाहेर असलेल्यांनी माणूस शेवटचा जिथे दिसला ती जागा डोळ्यांनी पक्की धरावी. पहिल्या दहा ते पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचतात. अर्ध्या तासानंतर हे प्रमाण साधारण एक तृतीयांशावर येते. बाहेरची मदत या वेळात पोहोचत नाही, म्हणून सोबतीच बचाव पथक आहेत. वरून आणखी बर्फ येणार नाही हे पाहून एकाने सूत्रे हाती घ्यावीत, सगळ्यांनी ट्रान्सीव्हर शोधाच्या स्थितीत न्यावेत (एकाचाही पाठवण्याच्या स्थितीत राहिला तर सगळा शोध भरकटतो) आणि एकाने ११२ वर फोन करावा. माणूस शेवटचा दिसला तिथपासून खालच्या दिशेने पट्टे पाडत जावे, वर दिसणारे हातमोजे, काठ्या ओढून पाहाव्यात. संकेत मिळाला की बाण आणि अंतराचा आकडा कमी होत जाईल तसे चालावे. तीन मीटरच्या आत ट्रान्सीव्हर बर्फाला टेकवून, न वळवता, उभा-आडवा फिरवून सर्वांत लहान आकडा शोधावा. तेथून प्रोब उताराला काटकोनात खुपसत, २५ सेंटीमीटर अंतराने गोल गोल बाहेर जावे. माणूस लागला की प्रोब तशीच ठेवावी.

खणण्याची जागा प्रोबच्या डोक्यावर नसते. खोली जितकी, त्याच्या दीडपट अंतर उताराच्या खालच्या बाजूला मागे येऊन तेथून आत खणत जावे, आणि माणसे इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात उभी राहून पुढच्याने कापलेला बर्फ मागे वल्हवल्यासारखा ढकलावा. पुढचा माणूस दर मिनिटाला बदलावा, तो दमल्याचे सांगण्याची वाट पाहू नये. आधी तोंड आणि छाती मोकळी करावी, तोंडातला बर्फ काढावा आणि श्वास नसेल तर पूर्ण शरीर बाहेर येण्याची वाट न पाहता तोंडाने पाच श्वास देऊन मग छातीवर दाब सुरू करावा. बाहेर काढलेल्याला झटके न देता, आडवेच ठेवून हलवावे, ओले कपडे शक्यतो कापून काढावेत, अंगाखाली पाठपिशव्या आणि दोर घालून त्याला बर्फापासून वेगळे करावे. तो उठून बसला, बोलू लागला, चहा मागू लागला, तरी त्याला चालत खाली नेऊ नये.